बाबांच्या चष्म्यातून

बाबा गेल्यावर तिने त्यांची केबिन आवरली, पण टेबलावरचा चष्मा काही तिला हलवता आला नाही.

औषधांच्या खोक्यांची, लेबलांची डिझाइनं करणारी ही कंपनी बाबांनी उभी केली होती. कुठलंही काम बाहेर जाण्याआधी ते चष्मा काढून हातात धरायचे. तशा डोळ्यांनी वाचता आलं तर म्हणायचे, "पाठवा." नाही तर परत. गिऱ्हाइकं वैतागायची. बाबांनी अंथरूण धरलं आणि ती एकेक करून पांगली. आता एकच मोठं गिऱ्हाईक उरलं होतं. तेही गेलं तर कुलूपच लावायचं.

या गिऱ्हाइकाला मुलांच्या तापाच्या औषधावर मोठ्ठं हसरं अस्वल हवं होतं. अस्वल फुगलं तसा खालचा मजकूर आकसला.

"अस्वल झकास आहे," मिलिमीटर म्हणाला. बाबांच्या वेळेपासूनचा हा आर्टिस्ट केसभर फरकावरून भांडायचा, म्हणून हे नाव. "डोस तेवढा मुंग्यांना वाचता येईल."

"काका, मला येतोय की वाचता."

"तुला येणारच गं. म्हातारे डोळे होते ते..." त्याने जीभ चावली.

तिने केबिनमधून चष्मा आणून डोळ्यांवर चढवला. सगळं विरघळलं. अस्वल तेवढं हसत होतं. डोसाच्या जागी नुसता राखाडी डाग. शेवटी शेवटी बाबा औषधाची बाटली मुकाट्याने तिच्याकडे सरकवायचे, ते तिला आठवलं. काय लिहिलंय, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटत असणार.

तिने गिऱ्हाइकाला फोन लावला. "अस्वल लहान करावं लागेल."

"अहो, साहेबांना तेच तर आवडलंय! आणि डोस डॉक्टर सांगतातच ना?"

"रात्री ताप चढतो तेव्हा डॉक्टर घरी नसतात."

"तुमचे वडीलही असेच हट्टी होते हो."

"होते," ती म्हणाली.

काम गेलं. तिने सगळ्यांना बोलावून खरं ते सांगितलं: वाचता न येणारं काही इथून बाहेर पडणार नाही, ज्याला जायचं त्याने मनात काही न ठेवता जावं. दोघं गेले. मिलिमीटर मात्र खुर्ची ओढून पुन्हा कामाला बसला.

कितीतरी महिने रडतखडत गेले. मग एका इस्पितळाने बोलावलं. घरी जाणाऱ्या रोग्यांच्या औषधांवर त्यांना वाचता येतील अशी लेबलं हवी होती. त्यामागून दुसरं इस्पितळ आलं. कुलपाची भाषा बंद झाली.

पहिल्या इस्पितळाचं पहिलं लेबल तयार झालं तेव्हा तिने चष्मा लावला.

"काय दिसतंय?" मिलिमीटरने विचारलं.

"सकाळी एक गोळी. जेवणानंतर." तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"मग?"

पुढचा शब्द या ऑफिसात आजवर एकाच माणसाने उच्चारला होता.

"पाठवा."

मिलिमीटर लेबल घेऊन निघून गेला. समोर केबिनचं दार उघडं होतं. या काचांतून आतली खुर्ची धूसर दिसत होती. तिच्यात कुणी आहे की नाही, काही कळत नव्हतं. तिने चष्मा इतक्यात काढला नाही.