कडू वेलाचा भोपळा

मित्रांनो, मंगलच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर धुराने काळा पडलेला जो वाळका भोपळा टांगलेला आहे, तो मी. बाहेरगावचे पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. "ह्यात बी ठेवत्यात व्हय?" असं म्हणून खालून टिचकी मारतात. वाडीतल्या बायका मात्र टिचकी मारत नाहीत, कारण त्यांना माझी हकीकत माहीत आहे. आज ती तुम्हालाही सांगतो. सांगायची लाज वाटते, पण न सांगता मान घेण्याची त्याहून जास्त वाटते.

वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याला एक लहानशी वाडी आहे. तिथे रतनबाईंच्या परड्यात माझा जन्म झाला. रतनबाईंचा दुधी साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेला होता. आमच्या भागात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. पाकिटातल्या बियांचे वेल त्या पाण्यात श्रावणापर्यंत कसेबसे तग धरतात, मग मुळाशी कुजतात. रतनबाईंचा दुधी भर पावसात फुलायचा. ते बी त्यांना सासूने दिलेलं. जो वेल पावसात सर्वांत जास्त दिवस हिरवा राही, त्याचंच फळ त्या बियाला ठेवत. शेणखत आणि चुलीतली राख, याशिवाय त्या आळ्यात दुसरं काही पडलं नाही. पस्तीस-चाळीस वर्षं असं निवडता निवडता त्या बियाला इथला पाऊस पाठ झाला होता.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे वेलांची आळी घालतात. त्या सकाळी बायका रतनबाईंच्या ओसरीवर यायच्या. रतनबाई प्रत्येकीच्या पदरात चिमूटभर बी घालायच्या. कुणाला कधी नाही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत घरात एक बी उरत नसे. "बी दडवून ठिवलं की रुसतंय," असं त्या म्हणत. तो त्यांचा मोठेपणा होता. पुढे तोच अंगाशी आला.

आता माझं सांगतो. रतनबाईंची नात शिवानी किकवीला राहते. तिला पोहायला शिकायचं होतं. पूर्वी नव्याने पोहणाऱ्या पोरांच्या पाठीला वाळका भोपळा बांधत, म्हणजे पोर बुडत नसे. रतनबाई नातीला म्हणाल्या, "प्लास्टिकचं नगं बाई. म्या तुला भोपळा करून देते." त्यांच्या भोंगवलीच्या भावाकडे, चिमाजींकडे, जाड कवटीच्या भोपळ्याचं जुनं बी होतं. फळ जहर कडू, पण कवटी दगडावर आपटली तरी तडा जायचा नाही. ते बी रतनबाईंनी गोठ्याच्या कडेला लावलं आणि वेल गोठ्याच्या छपरावर चढवला. दुधीचा मांडव तिथून दहा-बारा पावलांवर होता.

आमची फुलं पांढरी असतात आणि दिवेलागणीला उमलतात. त्या वेळी पतंग येतात. ते एका फुलात तोंड घालतात, मग दुसऱ्या फुलात. त्यांच्या अंगाला आमचा पराग चिकटतो. ते गोठ्यावरून मांडवावर जायचे आणि मांडवावरून गोठ्यावर यायचे. मला तेव्हाच सारं कळलं होतं असं खोटं मी सांगणार नाही. वेलाला वारा बरा वाटतो, तसे ते पतंग बरे वाटत, इतकंच.

माझ्या वेलाला दोन भोपळे धरले. थोरला उन्हाळ्यात कानंदी नदीच्या डोहात शिवानीला घेऊन तरंगला. त्याचं आयुष्य चांगल्या कामी लागलं. मी धाकटा. मला रतनबाईंनी माघात वेलावरून उतरवलं, देठाशी लहान तोंड पाडलं आणि तारेने आतला वाळका गर काढला. माझं मूठभर बी त्यांनी मोजून चुलीत टाकलं. "कडू बी घरात नगं," म्हणाल्या. एवढी काळजी घेणारी बाई! मग त्या वर्षीचं दुधीचं बी राखेत घोळून माझ्या पोटात भरलं, चिंधीचा बोळा लावला आणि मला चुलीवर टांगलं. धुरामुळे बियाला कीड लागत नाही. "मडक्यापरीस ह्यो बरा. उंदराचं काय चालत न्हाई," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी फुगून गेलो होतो. आपल्या पोटात काय आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

आखिती आली. बायका आल्या. त्यांत शेजारची मंगलही होती. मंगल तिशी-पस्तिशीची, तोंडाने फटकळ पण कामाला वाघीण. आदल्या वर्षी तिने कुंपणापलीकडे पाकिटातला दुधी लावला होता.

"काकी, पाकिटानं श्रावणात मान टाकली. औंदा तुमचंच द्या," ती म्हणाली.

"तोंड पोळल्यावर काकी आठवली व्हय गं?"

"आठवली की! शेजारी हायसा, आठवायला भाडं पडत न्हाई."

दोघी हसल्या. रतनबाईंनी मला उपडं करून तिच्या पदरात बी घातलं, इतरांपेक्षा दोन दाणे जास्तच. त्यानंतर कित्येक महिने त्या दोघींचं हसणं मला ऐकायला मिळालं नाही.

वेल झकास वाढले. आषाढाच्या शेवटी दुधी लागले. मंगलने पहिल्या दुधीची भाजी केली. तिच्या सासऱ्यांनी, सावळारामांनी, पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. पण जुनं माणूस. ताटातलं टाकायचं नाही, आणि रतनबाईंच्या बियाला नाव ठेवायचं नाही, म्हणून सगळी भाजी संपवली. तासाभरात त्यांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, कडू दुधी विषासारखा असतो, एक फोड चाखून कडू लागला तर थुंकून टाका. सावळाराम चार दिवसांनी उठून बसले. पण तोवर वाडीत आणखी पाच-सहा घरी दुधी कडू निघाला होता. काहींच्या वेलांचा गोड होता, काहींचा कडू.

रतनबाईंना हा घाव सोसला नाही. चाळीस वर्षांचं नाव! त्यांनी कारण शोधलं, आणि ते त्यांना कुंपणापलीकडे सापडलं. शनिवारी गिरणीवर दळणाला बायकांची रांग होती. तिथे त्यांनी मंगलला गाठलं. हे मला कसं कळलं? घरी येऊन त्यांनीच ते शिवानीला फोनवर सांगितलं, अगदी शब्दाला शब्द.

"म्या म्हनलं, माझ्या बियात खोट न्हाई. हिनं पाकीट लावलं अन् माझं बी बाटवलं! ती म्हणती, काकी, एकच वेल व्हता, त्योबी कुजला. म्या म्हनलं, कुजायच्या आधी फुलला व्हता न्हवं? सासरा पडला दवाखान्यात ते तुझ्याच करणीनं, माझ्या नावानं रडू नगंस. मग गेली निम्मं दळण टाकून."

पलीकडून शिवानी काहीतरी म्हणाली असावी. कारण रतनबाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तुला काय कळतंय त्यातलं? ठेव फोन."

मित्रांनो, बाहेरून आलेल्या पाकिटावर संशय घेणं सोपं असतं. गोठ्यावरचा वेल माहेरचा होता, गावठी होता, भावाच्या हातचा होता. त्याच्याकडे बोट कोण दाखवणार?

वाडीने रतनबाईंचं ऐकलं. मंगलशी बायका तुटक बोलू लागल्या. ती पाण्याला आली की बोलणं थांबायचं. तिने आपले सगळे वेल उपटून उकिरड्यावर टाकले. आणि मी रतनबाईंच्या चुलीवर लटकत होतो, मानाने.

दसऱ्याच्या आधी वरच्या धनगरवस्तीवरून भागूबाई आल्या. त्यांच्या मेंढ्या आमच्या वरच्या पठारावर असतात. त्या रतनबाईंच्या जुन्या मैत्रीण. बरोबर दोन दुधी आणले होते, एक कोवळा आणि एक बियाचा वाळलेला. रतनबाईंनी कोवळ्या दुधीची फोड चाखली आणि बघतच राहिल्या. तो गोड होता. तीच चव.

"हे कुठलं बी, भागूबाय?"

"तुझंच की! तीन सालाखाली नेलेलं. आमी आमचंच धरतो आता, दर साली कुठं उतरायचं?" मग भागूबाईंची नजर वर गेली. "ह्यो भोपळा कुठला गं?"

"चिमादादानं बी दिलं व्हतं. गोठ्यावर चढवला व्हता."

"कडू असंल."

"जहर. पर आमी कुठं खातोय?"

भागूबाई गोठ्याकडे बघत राहिल्या, मग मांडवाकडे. "रतने, मेंढी चांगली बघून भागत न्हाई. मेंढा कुठला, ते बी बघावं लागतंय. कोकरू दोघांवरबी जातंय. तुझ्या दुधीला मेंढा मिळाला ह्यो." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"छा! मंगलचं पाकीट व्हतं शेजारी."

"पाकिटाचा दुधी कडू व्हता का ग्वाड?"

रतनबाईंनी हातातली फोड खाली ठेवली.

"ग्वाडच असणार. पाकीट इकणारा कडू कशाला इकंल? मग ग्वाडाला ग्वाड मिळून कडू कसं व्हईल? कडू फकस्त तुझ्याच गोठ्यावर व्हतं."

त्या क्षणी मला कळलं, मित्रांनो. ते पतंग, ती दिवेलागण, तो पराग. ज्या बियाला मी पोटात जपलं, ते माझ्याच वेलाने नासवलं होतं. माझं स्वतःचं बी चुलीत जळलं तरी कडूपणा आधीच मांडवावर जाऊन बसला होता. माझ्यामुळे एक म्हातारा मरता मरता वाचला, आणि एका बाईला वाडीत मान खाली घालावी लागली. मला तोंड फिरवता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी भिंतीकडे फिरवलं असतं.

रतनबाई दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "भागूबाय, हे खाली कुणापाशी बोलू नगंस."

"म्या कशाला बोलू? तुझं तू बघ. पर येताना बघितलं म्या, घरोघरी एकेक दुधी बियाला ठिवलाय. ज्येचा त्येचा ग्वाड वेल बघून. शेजारी कडू वेल फुललेत, ते बघितलं न्हाई कुणी."

भागूबाई गेल्या. रतनबाई चुलीपुढे बसून राहिल्या. त्या गप्प बसल्या असत्या तर त्यांचं नाव राहिलं असतं, आणि पुढच्या आखितीला अख्ख्या वाडीने कडू बी पेरलं असतं. सासूने दिलेला दुधी इथे संपला असता. एखाद्या घरात सावळारामांच्या जागी लहान लेकरू असतं, तर?

दोन दिवस त्यांनी मला खाली उतरवलं नाही. तिसऱ्या दिवशी उतरवलं. मांडवावर बियाला ठेवलेला आपला दुधी तोडून चुलीत घातला आणि मला काखेत मारून मंगलच्या दारात गेल्या.

"मंगल, चूक माझी व्हती गं." त्यांनी सगळं सांगितलं.

मंगल भांडी घासत होती. तिने हात थांबवले नाहीत. "गिरणीवर बोललासा, काकी. बावीस बाया व्हत्या. अन् माफी हितं, उंबऱ्यात? भांड्यांनी ऐकलं, बरं झालं."

रतनबाईंचा चेहरा पडला. सत्तरीची बाई, कुणापुढे न वाकलेली. त्या माघारी वळल्या. मला वाटलं, आता हे इथेच संपणार.

पण शनिवारी त्या गिरणीवर गेल्या, मला घेऊन. रांग तशीच लांबलचक होती, मंगलही होती. रतनबाई गिरणीवाल्याला म्हणाल्या, "धनाजी, जरा बंद कर बाबा."

"काकी, अजून चार डबं हायत."

"बंद कर म्हनते ना!"

गिरणी थांबली. पिठाची धूळ खाली बसली. रतनबाईंनी मला वर धरलं. "ह्यो कडू भोपळा म्या दुधीच्या शेजारी लावला. बी नासलं ते माझ्या गोठ्यावरनं. मंगलचा काय संबंध न्हाई. म्या तिला चार माणसांत बोलले, ती चूक. अन् औंदा धरलेलं बी कुणी पेरू नगा, फळ ग्वाड असलं तरीबी. जाळून टाका."

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी खोट माहेरची निघाली म्हणा की!" सगळ्या हसल्या. रतनबाईंनी ते हसू खाली बघून सोसलं. मी त्यांच्या हातात, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. तेवढ्या नजरा मी जन्मात कधी अंगावर घेतल्या नव्हत्या.

मंगल पुढे आली. मला वाटलं, आता ती मला दगडावर घालणार. घालावं, असंही वाटलं. पण तिने मला हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "ह्येला बोल लावून काय व्हनार? लावला कुठं, ते चुकलं. भागूबाईंचं बी निम्मं माझ्याकडं द्या, काकी. एकाच घरात ठिवलं की असंच व्हतंय." मग गिरणीवाल्याकडे वळली. "चालू कर रं धनाजी, का मुहूर्त बघतोस?"

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. रतनबाईंनीही पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी मंगलकडे आहे. वाडीत आता बी तीन घरी राहतं: रतनबाईंकडे, मंगलकडे आणि वर धनगरवस्तीवर. आणि बी हातात घालताना शेजारी कुठला वेल होता, हेही सांगायचं, अशी रीत पडली आहे. ते सांगताना रतनबाई अजून क्षणभर अडखळतात. त्या मंगलकडे आल्या की मी वरून ऐकतो.

मित्रांनो, बी वाटा, पण सगळं वाटून टाकू नका. थोडं मागे ठेवा आणि थोडं दुसऱ्याच्या घरी ठेवा. वेल लावताना आजूबाजूला बघा, आणि सगळ्यांत आधी आपल्या गोठ्याकडे बघा. मी बोलू शकत नव्हतो, म्हणून टांगलेला राहिलो. तुम्हाला तोंड आहे. दुसऱ्यावर चुकून टाकलेला बोल घरच्या उंबऱ्यात उचलता येत नाही. ज्या चार माणसांत तो टाकला, त्याच चार माणसांत वाकून तो उचलावा लागतो.