उभ्या पिकाला नोटीस

प्रल्हाद खानझोडे बत्तीस वर्षं वर्धा जिल्ह्यात तलाठी होते. निवृत्त झाल्यावर २००४च्या एप्रिलमध्ये ते मुलाकडे, शैलेंद्रकडे, टेक्ससमधल्या शुगर लँडला आले आणि आठ दिवसांत कंटाळले. शैलेंद्र तेल कंपनीत इंजिनिअर. तो सकाळी साडेसहाला गाडी काढायचा. सून सुनेत्रा दुपारपर्यंत क्लिनिकमध्ये असायची. प्रल्हादराव छत्री घेऊन कॉलनीत फिरायचे आणि सवयीने हद्दीच्या खुणा शोधायचे.

"पुढच्या बाजूला ना बांध, ना दगड," ते संध्याकाळी म्हणाले. "आणि भांडणही नाही. कसं काय चालतं बापा इथं?"

"बाबा, कुणाला वेळच नाही भांडायला," सुनेत्रा म्हणाली.

घरांच्या मागे लाकडी कुंपणं होती आणि कुंपणांपलीकडे नाल्याच्या कडेने हिरवळीचा लांब पट्टा. तिथेच एका सकाळी त्यांना एक बारीक चणीचा म्हातारा उकिडवा बसलेला दिसला. मातीचं ढेकूळ बोटांत चुरून तो त्याचा वास घेत होता. प्रल्हादरावांनी वाकून पाहिलं. माती काळीभोर, चिकट, थेट त्यांच्या हिंगणघाटकडची.

"कापसाची आहे," ते मराठीतच म्हणाले.

म्हातारा हसला. जमिनीवर थाप मारून म्हणाला, "बुमी."

"भूमी!" प्रल्हादराव उडालेच.

त्याचं नाव वागिमान. तो जावा बेटावरच्या एका छोट्या गावातला भातशेतकरी होता. शेजारच्या सुलास्त्रीचा तो बाप, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेला. सुलास्त्री रजेवर घरीच होती, तेव्हा दोघा म्हाताऱ्यांची दुभाषी तीच झाली. बाळाला खांद्यावर थोपटत ती वडिलांचं बोलणं इंग्रजीत सांगायची आणि प्रल्हादराव आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत उलटतपासणी घ्यायचे.

"शेती किती?"

"थोडी. या कुंपणापासून त्या झाडापर्यंत. चार भावंडांत मिळून."

"म्हणजे प्रत्येकाला चतकोर तुकडा?"

"नाही, तुकडे नाही केले. पाळी लावली आहे. एक वर्ष एकाने पिकवायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्याने. यंदा धाकट्या बहिणीची पाळी, म्हणून मी इकडे येऊ शकलो."

"आणि कागदावर नाव कुणाचं?"

"वडिलांचं."

"ते आहेत?"

"वीस वर्षांपूर्वी गेले."

प्रल्हादरावांनी कपाळाला हात लावला. वीस वर्षं वारसांची नोंद नाही! त्यांच्या हाताखालून गेलेली भावंडं हातभर बांधासाठी कोर्टात म्हातारी झाली होती, आणि इथे चार जणं मेलेल्या बापाच्या नावावर सुखाने भात खात होती. पुढे कळलं की वागिमानच्या मोठ्या भावाच्या अंगणात एक फणस आहे. अंगण भावाचं, पण फणस वागिमानचा, कारण लावला त्याने.

"मग फणस खाली पडला तर?" प्रल्हादरावांनी डाव टाकला.

सुलास्त्रीने विचारलं. "पडलेला पोरांचा," वागिमान म्हणाला.

त्या रविवारी सुनेत्राने बापलेकीला जेवायला बोलावलं. डोसा म्हटल्यावर वागिमान दचकून लेकीकडे पाहायला लागला. सुलास्त्रीला हसू आवरेना. त्यांच्या भाषेत दोसा म्हणजे पाप. मग वागिमानने चटणीबरोबर तीन पापं केली आणि चौथं डब्यात घालून नेलं.

मेमध्ये त्याने पट्ट्यावर चवळी पेरली, हातभर लांब शेंगांची. त्याच्या लेकीच्या मागल्या अंगणात सगळं सिमेंट होतं आणि कुंपणामागे ओकची दाट सावली. ऊन पडायचं ते शैलेंद्रच्या घरामागे. म्हणून वाफे तिथे झाले.

"धिस इज अतिक्रमण," प्रल्हादराव म्हणाले. इंग्रजी शब्द त्यांना सापडला नाही.

"हे गवत कुणाचं?" वागिमानने विचारलं.

"सगळ्यांचं. कॉलनीचं."

"मग खातं कोण?"

"कुणी नाही. मशीनने कापतात आणि फेकून देतात."

वागिमानला हे इतकं विचित्र वाटलं की त्याने सुलास्त्रीला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तो पुढची ओळ पेरायला लागला. प्रल्हादरावांनी आपला विरोध कायम असल्याचं तोंडी कळवलं आणि पाण्याचा पाइप कुंपणावरून पलीकडे टाकला.

जूनच्या मध्यावर वेल कंबरेएवढे झाले, जांभळी फुलं आली, आणि कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं. ते आलं शैलेंद्रच्या नावाने. पीक त्याच्याच कुंपणामागे होतं ना!

"बाबा, दहा दिवसांत काढा म्हणतात," शैलेंद्र वैतागून म्हणाला. "मी इथं नऊ वर्षं राहतोय, एक वॉर्निंग नव्हती!"

प्रल्हादरावांनी चष्मा लावला. जन्मभर त्यांनी नोटिसा बजावल्या होत्या. त्यांच्या घरावर बजावली गेलेली ही पहिली. त्यांनी ती तीनदा वाचली.

"कच्ची आहे," ते समाधानाने म्हणाले. "ना गट नंबर, ना क्षेत्रफळ, ना पंचनामा. मी अशी काढली असती तर साहेबांनी तोंडावर फेकली असती."

"बाबा, प्लीज. उपटून टाका ना यार!"

"सुनावणी मागू."

सुनावणी मिळाली. मंगळवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये असोसिएशनचे पाच जण टेबलामागे बसले होते. मध्ये अध्यक्ष डोना, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, समोर नियमांची फाइल. इकडे इस्त्रीच्या सफारीत प्रल्हादराव, बाटिकच्या शर्टात वागिमान, बाळाला घेऊन सुलास्त्री, आणि शेवटच्या रांगेत, आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवत, शैलेंद्र.

"या शेंगा कुणाच्या?" डोनाबाईंनी विचारलं.

सुलास्त्रीने वडिलांचं उत्तर सांगितलं. "जमीन तुमची, शेंगा माझ्या. पण शेंगा जरा जास्त आहेत."

कुणीतरी हसलं. मग प्रल्हादराव उभे राहिले. त्यांनी कायद्याचे चार मुद्दे लिहून आणले होते. 'रिस्पेक्टेड मॅडम' म्हणून ते थांबले आणि त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"मॅडम, नियम तुमच्या बाजूने आहे," ते अडखळत, पण स्पष्ट बोलायला लागले. "माझ्याही बाजूने असायचा. एक्क्याऐंशी साली गावाच्या चराऊ जमिनीवर कौसल्या नावाच्या बाईने ज्वारी पेरली होती. मी नोटीस दिली. मुदत संपली तेव्हा कणसं भरत आली होती. पंधरा दिवस थांबलो असतो तर तिने कापून नेली असती. मी थांबलो नाही. गुरं सोडली. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. त्या गावात मी नंतर चार वर्षं होतो, पण चहा मला कुणीच विचारला नाही." ते डोनाबाईंकडे वळले. "जमीन परत घ्या. उभं पीक तेवढं काढू द्या."

शैलेंद्र पुढे वाकून ऐकत होता. ही गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती.

पाच जणांनी हात वर केले. तीन विरुद्ध दोन. एकतीस जुलैपर्यंत मुदत मिळाली, पण अट पडली की वेल कुंपणाच्या वर दिसता कामा नयेत. मग रोज सकाळी प्रल्हादराव वर चढू पाहणारे शेंडे एकेक करून खाली वळवायचे आणि त्यांना मराठीत दटावायचे.

जुलैत तर शेंगा थांबेनात. पट्ट्याला लागून अकरा घरं होती. जमीन सगळ्यांची आहे तर वाटा सगळ्यांचा, असं म्हणून वागिमानने प्रत्येक दारात जुडी पोचवली. विरोधात मत देणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी पहिल्यांदा दार उघडलं नाही, दुसऱ्यांदा उघडलं, तिसऱ्यांदा स्वतःच पिशवी घेऊन कुंपणामागे आले. डोनाबाई शेंगा कशा शिजवायच्या ते विचारायला आल्या आणि सुनेत्राजवळ तासभर बसल्या. ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालून केलेली भाजी खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

एकतीस तारखेला सकाळी गवताचं मशीन यायच्या आत वाफे मोडायचे होते. शनिवार होता. वागिमानने कुदळ मारायला सुरुवात केली. थोड्या वेळाने प्रल्हादरावांनी ती त्याच्या हातातून घेतली. बत्तीस वर्षं शेतं मोजली, पण कुदळ कधी धरली नव्हती. दहा घावांत ते धापा टाकायला लागले. वागिमान हसून हसून गवतावर बसला.

शैलेंद्र कॉफीचा मग घेऊन मागल्या फाटकातून बाहेर आला.

"बाबा, द्या इकडे. हात बघा तुमचे!"

प्रल्हादरावांनी तळवे उघडले. दोन फोड आले होते.

"सुनेत्राला दाखवतो," ते ऐटीत म्हणाले, आणि कुदळ मुलाच्या हातात देऊन लगबगीने घरात गेले.