शकिलानं शिवलेले पंख

नागापूरच्या एमआयडीसीत कादर शेख ग्रिल आणि गेटं बनवायचा. शेजारच्याच गाळ्यात त्याची बायको शकिला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायची. जुन्या काळच्या वैमानिकांवर सिनेमा काढणारी मुंबईची मंडळी एकावर एक दुहेरी पंखांचं विमान करून घ्यायला आली, तेव्हा पाईपचा सांगाडा कादरनं घेतला आणि पंखांचं कापड शकिलानं.

"उडायला पाहिजे का?" कादरनं विचारलं. कडी आतून पाहिजे की बाहेरून, असं विचारावं तसं.

"अजिबात नको," दिग्दर्शक अमृत म्हणाला. "जीपनं ओढायचं. उडताना आम्ही कॉम्प्युटरवर दाखवू."

फोटो बघून विमान झालं. शकिलानं पंखांना मांजरपाट ताणून बसवला, वरून फेविकॉलचं पाणी दिलं. वाळल्यावर कापड डफासारखं वाजायला लागलं.

शूटिंग घोडेगावजवळच्या माळावर होतं. हिरोनं विमानाकडे एकदा बघितलं आणि पाठ दुखत असल्याचं सांगितलं. त्याच्या जागी बसणारा करण आदल्या रात्रीच्या मटणामुळे बाभळीमागून बाहेर यायला तयार नव्हता. कादर बसून बघायला गेला, तर पोटापाशी अडकला. त्याला ओढून काढल्यावर सगळे शकिलाकडे बघायला लागले.

"ती न्हाई बसायची," कादर म्हणाला.

तोवर शकिलानं ओढणी कमरेला बांधली होती. "कापड माझं हाय. बसते मी," ती म्हणाली आणि कातडी टोपी, गॉगल चढवून आत बसली.

जीप निघाली. समोरून वारा होता. चाकं खडखडत होती, आणि मग खडखड थांबली. चाकं निखळली असं वाटून शकिलानं वाकून बघितलं. चाकं जागेवर होती. जमीन खाली गेली होती.

तिला भीती वाटायला हवी होती. पण तिचं लक्ष पंखांकडे गेलं. कापड वाऱ्यानं टम्म फुगलं होतं आणि एकही टाका हलत नव्हता. ती मोठ्यांदा हसली. तेवढ्यात घाबरलेल्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला, दोर सैल पडला आणि विमान जनावरांसाठी पेरलेल्या कडवळाच्या रानात जाऊन बसलं. शेपूट मोडलं.

अमृत धावत आला. "काय झालं?"

"उडालं," शकिला म्हणाली.

"पण आपलं उडायचं ठरलं नव्हतं."

"माझ्याकडून तसं काही केलेलं न्हाई," कादरनं घाईनं सांगितलं.

कॅमेरावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "शॉट जमिनीवरचा होता. चाकं उचलली तसा कॅमेरा बंद केला."

कादरनं शेपूट वेल्डिंग करून दिलं. पुन्हा उडू नये म्हणून अमृतनं विमानात वाळूची पोती भरायला सांगितली आणि शकिलाला बसायची विनंती केली.

"वाळू भरायची तर दुसऱ्याला बसवा," ती म्हणाली.

शेवटी करणला धरून आणलं. शॉट झाला. विमान शहाण्यासारखं जमिनीवरून पळालं.

परत येताना टेम्पो कादर चालवत होता. जेऊर गाव मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "वरून काय दिसलं?"

शकिलानं आठवून बघितलं. "घोडेगावच्या बाजारतळाचे पत्रे. लई गंजलेत."

"आणि?"

"तेवढंच दिसलं. लगेच खाली आले ना." तिनं हातानं हवेत माप धरलं. "पंख अजून हातभर लांब पायजे हुते."

कशाला, असं कादरनं विचारलं नाही. त्यानं गिअर बदलला.

"पाईप शिल्लक हायेत," तो म्हणाला.