चर्चच्या दारामागचा अडसर

मित्रांनो, दार आतून बंद करायला लावतात ते आडवे लाकूड तुम्ही पाहिले असेल. मी तसाच एक जुना अडसर आहे. अडसर म्हणजे अडथळा, असे लोक नाक मुरडून म्हणतात. पण वाट अडवणे हेच माझे काम.

सुताराने मला सागाच्या ओंडक्यातून तासून काढले आणि एका लहानशा चर्चच्या दारामागे लोखंडी आकड्यांत बसवले. वादळात मी दार धरून ठेवी. "हा आहे म्हणून निवांत झोप लागते," असे फादर कौतुकाने म्हणत. पुढे दाराला कुलूप आले आणि मी कोपऱ्यात, केरसुणीशेजारी उभा राहिलो. मग माझ्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही.

एका दुपारी चर्चमधल्या थोरल्या सिस्टर वेदी पुसत होत्या. इतक्यात मुकी धडपडत आत आली. तिला बोलता येत नसे, म्हणून गावात सगळे तिला मुकीच म्हणत. बाजारात मिळेल ते खाऊन ती राहायची. तिचे कपाळ फुटले होते आणि मागून जमाव दगड मारत येत होता. दूधवाल्याची लहान मुलगी सकाळपासून सापडत नव्हती. मुकीनेच तिला पळवले, अशी कुणीतरी आवई उठवली होती.

कुलपाची किल्ली फादरांकडे आणि फादर बाहेरगावी. सिस्टरांनी मला उचलून आकड्यांत बसवले.

मग घाव सुरू झाले. लाथा, दगड, पहारी. दाराच्या फळ्या फुटल्या. वाळवीने मला आतून पोखरले होते, तरी मी जीव खाऊन धरून राहिलो. शेवटी एका तडाख्याने माझे दोन तुकडे झाले आणि दार उघडले.

पहार घेतलेला दूधवाला सगळ्यांच्या पुढे होता.

"सिस्टर, बाजूला व्हा."

"नाही होणार. हिला स्वतःची बाजू सांगता येत नाही, म्हणून तुम्ही हिला धरलंत. ही देवाच्या आसऱ्याला आली आहे. मारायचं तर आधी मला मारा."

"माझी पोर गेलीय," म्हणत त्याने पहार फिरवली. सिस्टरांचा हात मोडला, त्या कोसळल्या. दुसरा घाव त्यांच्या डोक्यावर येणार, तोच मुकीने त्यांच्यावर अंग टाकले. पहार तिच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त माझ्या तुकड्यांपर्यंत वाहत आले.

तेवढ्यात दूधवाल्याची बायको गर्दीतून वाट काढत आली. मुलगी तिच्या कडेवर होती. "मावशीकडे खेळत बसली होती ही," ती म्हणाली, आणि खालचे रक्त दिसताच तिने मुलीचे डोळे पदराने झाकले.

जमाव मान खाली घालून पांगला. दूधवाल्याने पहार खाली ठेवली. "देव मला माफ करील का?"

"ते त्यालाच विचारा," सिस्टर म्हणाल्या. "आधी हिला उचला. मला एका हाताने जमत नाही."

मुकी वाचली. ती आता चर्चमागच्या खोलीत राहते. तिचा उजवा हात वर होत नाही. दूधवाला रोज तिच्यासाठी दूध आणतो. त्याची चाहूल लागली की ती अजूनही भिंतीशी सरकते. तो भांडे उंबऱ्यावर ठेवतो आणि निमूट परत जातो.

मित्रांनो, मी आणखी थोडा टिकलो असतो, तर ती आई वेळेवर पोहोचली असती. दुबळ्यांना राखायला देव स्वतः येतो की नाही, हे मला लाकडाला काय कळणार? त्या दुपारी त्याने एक सिस्टर, एक मुकी आणि मी, एवढेच धाडले होते. उद्या कदाचित तुम्हाला धाडील. कुणी जीव मुठीत धरून तुमच्या दारी आले, तर आधी त्याला आत घ्या. कोण, कुठले, ते मागाहून विचारा.