आतला निळा

बाबांना मला बघायचं असलं की ते खिडकीकडे तोंड करतात, आणि खिडकी बघायची असली की माझ्याकडे. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि तेही वर्षभरात जाईल असं डॉक्टर म्हणाले. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा शिष्ट आहे. सुरुवातीला मीही चिडायचे. "बाबा, मी इकडे आहे," म्हणायचे, आणि ते खिडकीला सांगायचे, "दिसतेयस की."

चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. आता मशीन मी चालवते आणि ते दिवसभर पलंगावर बसून समोरच्या भिंतीवर नसलेली कापडं बघतात. चौकटी, बारीक फुलं, कधी नुसत्या रेघा.

"आज काय माल आलाय?" मी मशीनवरून विचारते.

"पट्ट्यांचं शर्टिंग. बरं आहे, पण आटेल."

यात घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. दिसणं कमी झालं की डोकं पदरचं घालतं म्हणे. मी म्हटलं, घालू दे. निदान कापड तरी चांगलं घालतंय.

एका दुपारी ते एकदम म्हणाले, "ही भिंत रंगवून घे. निळी. दिसतंय तोवर एकदा बघतो."

"कुठला निळा?"

"तुझ्या आईच्या कोटाच्या आतला."

आईचा कोट बाहेरून राखाडी, आतून निळा. ती पहाटेच्या पाळीला जायची आणि बाबा दारात कोट उघडून धरायचे. ती पाठमोरी होऊन बाह्यांत हात घालायची. म्हणजे ते अस्तर तिला दिसायचं नाही, रस्त्यावरच्या लोकांना तर नाहीच. रोज सकाळी तो निळा बघायचा तो एकट्या बाबांनी. आईला जाऊन सहा वर्षं झाली, कोट अजून कपाटात आहे, घरात दोन-दोन शिंपी, आणि ही एवढीशी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कोट काढून मांडीवर पसरला तर अस्तर धुऊन धुऊन विटलेलं. मग मी माझ्या धंद्याची अक्कल वापरली. कडेची शिवण उसवली. आत दुमडलेल्या पट्टीवर मूळ रंग जसाच्या तसा होता, गर्द, काल ताग्यावरून कापल्यासारखा. बोटभर पट्टी कापून घेतली आणि रंगाऱ्याला घेऊन दुकान गाठलं. रंगाऱ्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. का, ते त्याला काम दिलं की कळतं.

दुकानातल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि रंगांचं कार्ड पुढे केलं. नखाएवढे शंभर चौकोन, आणि खाली नावं: 'शांत तळं', 'दूरचा डोंगर', 'झोपेचा उंबरा'. एरवी मी हसले असते. पण बाबांना असले चौकोन दिसत नाहीत. त्यांना दिसेल ती अख्खी भिंतच. शितावरून भाताची परीक्षा करायची सोय नव्हती. आणि भिंत चुकली तर ती पुन्हा करेपर्यंत, सावकाशच्या हाताने, महिना जाणार. महिनाभर त्यांचे डोळे थांबतील याची हमी कोण देणार? मला भीती वाटत होती, ती मी दुकानात रागासारखी वापरली.

"भिंतीवर आधी काय आहे?" बाईंनी विचारलं.

"पिवळा. चकचकीत."

"ऑइल पेंट. त्यावर साधं पाण्याचं प्रायमर मारलंत तर पोपडे निघतील. तेलाचं घट्ट बसतं, पण वास चार दिवस हलत नाही. खोलीत झोपतं कोण?"

"वडील."

"मग हे न्या. पाण्याचंच आहे, पण गुळगुळीत भिंतीला धरतं. आधी नीट घासून घ्या मात्र."

सावकाशने प्रायमरचा डबा उचलला. "अस्तर पांढरंच बरं, ताई."

"गर्द कापडाला पांढरं अस्तर लावून बघ," मी म्हटलं. "बाहेर डोकावल्याशिवाय राहणार नाही."

"बरोबर बोलतात त्या," बाई म्हणाल्या. "गर्द रंगाखाली पांढरं ठेवलं तर दोनाचे चार हात मारावे लागतील. अस्तरातही याच रंगाचे थेंब घालून देते. पण प्रायमर पोटात फार रंग घेत नाही हं, फिकंच दिसेल."

"दिसू दे. ते झाकायचंच आहे," मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली. पलंगावर, कपाटावर जुन्या चादरी पडल्या आणि खोलीला कुणीतरी झोपवून ठेवल्यासारखं वाटायला लागलं. सावकाशने भिंत घासली, पुसली. बाबांनी दारात खुर्ची मांडली आणि भिंत डोळ्यांच्या कडेला येऊन नीट दिसावी म्हणून बाहेर मशीनवर बसलेल्या माझ्याकडे तोंड केलं.

मग रोलरचा ओला आवाज सुरू झाला. वर जायचा, खाली यायचा. घासलेली धूळ उन्हात तरंगत होती, खाली बसायचं नावच घेत नव्हती. माझा पाय मशीनच्या पेडलवर होता, पण मी काय शिवत होते ते मला सांगता यायचं नाही. बाबांच्या खांद्याच्या बाजूला पिवळी भिंत हळूहळू मागे सरत होती आणि तिथे पहाट होत होती. मला दारातली आई दिसली, पाठमोरी, बाही शोधणारा हात मागे करून. मी तिला थांब म्हणाले नाही. उशीर झाला असता तिला.

"थांबा," बाबा म्हणाले.

रोलर थांबला. मशीनही.

"वर, पंख्याच्या बाजूला, वीतभर राहिलंय."

सावकाश शिडीवर चढला. "आयला, खरंच की! काका, तुम्हाला दिसलं कसं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांना दिसत होतं. भिंत दिसत होती.

"तेवढं भर, आणि बस कर," बाबा म्हणाले. "हाच तो."

"बाबा, हे नुसतं अस्तर आहे. खरा रंग उद्या. कोटाचा मूळ रंग आणलाय मी."

"मूळ कुठून मिळाला तुला?"

"शिवण उसवली."

ते हसले. "अगं, शिवणीतला मी एकदाच बघितला, कापड कापलं त्या दिवशी. रोज बघायचो तो हा. धुऊन धुऊन झालेला."

एवढी हुशारी करून मी चुकणारच होते, आणि वाचवलं कुणी, तर थोडाच रंग पोटात घेणाऱ्या एका डब्याने. माझी मान खाली गेली.

सावकाशला मात्र पटेना. "काका, अस्तर कधी उघडं ठेवतात का?"

"आपण बाहेर कुठे उभे आहोत? कोटाच्या आतच बसलोय. आतून अस्तरच दिसायचं."

त्याने रोलर खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं, डाग पडू नयेत म्हणून वरून बिनरंगाचा एक हात देतो." गर्द निळ्याचा डबा माझ्या मशीनखाली गेला. उघडलाच नाही.

भिंत वाळल्यावर बाबा पलंगावर बसले. मी शेजारी खुर्ची घेतली. माझ्याकडे तोंड करून ते कितीतरी वेळ भिंत बघत राहिले.

"आज काय माल आलाय?" मी विचारलं.

"काही नाही. भिंतच आहे."

ऊन उतरलं. मग त्यांनी मान वळवली आणि तोंड सरळ भिंतीकडे केलं. मला वाटलं, थकून विसरले.

"बाबा, असं बघितलंत तर भिंत नाही दिसणार."

"माहितेय," ते भिंतीला म्हणाले. "भिंत झाली बघून. आता तुला बघतोय."