शांतवनरावांची जीभ

कडूबाईंनी गुळाची दुसरी भेली फोडून कढईत सोडली, पदर कमरेला खोचला आणि लाकडी सराटा दोन्ही हातांनी धरून खीर तळापासून हलवायला घेतली. चर्चच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली, तीन दगडांवर कढई रटरटत होती. धूर सारखा त्यांच्याच अंगावर येत होता. त्या डावीकडे सरकल्या की धूर डावीकडे, उजवीकडे सरकल्या की उजवीकडे.

"मेल्या, आज सणाचा तरी दिवस सोड," त्या धुराला म्हणाल्या.

उजाडता उजाडता कब्रस्तानात मेणबत्त्या लावून झाल्या होत्या. 'प्रभू उठला आहे' म्हणत सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले होते. आता बाकीची मंडळी ढोलकी-झांजा घेऊन पूर्णा स्टेशनच्या रस्त्यानं, रेल्वे क्वार्टरांतून गात गात येणार होती. कडूबाई मात्र 'आमेन' झाल्याबरोबर तिथून सुटल्या होत्या. खीर काही कुणासाठी थांबत नाही.

आणि ही खीर म्हणजे काही ऐरीगैरी गोष्ट नव्हती. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात घरोघरच्या बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर गहू बाजूला काढायच्या, कुणी डब्यात, कुणी जुन्या तांब्यात. शनिवारी सगळ्यांच्या मुठी एका पोत्यात पडायच्या. मग तो गहू ओलवून कांडायचा आणि ईस्टरच्या प्रीतिभोजनाला त्याचीच खीर करायची. दाणा मातीत जातो तेव्हाच वर येतो, असं पाळकसाहेब सांगायचे. बायका म्हणायच्या, ते खरंच, पण वर आलेल्या दाण्याची खीर कडूबाईंनीच करावी. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांचं नाव कडू ठेवलं होतं. हात मात्र असा गोड, की त्यांच्या खिरीसाठी परभणीचे पाहुणे वाट वाकडी करून यायचे.

आणि नेमकं अशा बाईला साखरेनं धरावं! पहिल्या वर्षी त्यांनी पथ्य पाळलं, म्हणजे खीर खाल्ली नाही, नुसती चाखली. सुंठ टाकल्यावर चाखली, वेलदोडा टाकल्यावर चाखली, काहीच टाकलं नाही तरी चाखली. पंगत बसायच्या आत डोळ्यांपुढं अंधारी आली आणि बाई दवाखान्यात. सून बबिता तिथंच सिस्टर होती. सासूला सलाइन लावता लावता तिनं जे काही सुनावलं, ते अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. त्या दिवसापासून कडूबाईंनी खिरीचा थेंबसुद्धा जिभेला लावला नव्हता. गोडाचा अंदाज मंडळीतल्या पार्वतीबाई चाखून सांगायच्या आणि पंगत बसली की कडूबाई वाढत फिरायच्या.

वाढण्याचं दुःख नव्हतं. पण प्रीतिभोजन म्हणजे लहान-थोर सगळ्यांनी एका ओळीत बसून एका कढईतलं खायचं. आपल्याच मुठीतला गहू, आपल्याच हातची खीर, आणि आपणच पंगतीबाहेर, हे त्यांना दर ईस्टरला लागायचं. वाढताना कुणी "तुमी न्हाई का बसत?" असं विचारलं की त्या हसून पुढच्या पानाकडं वळायच्या. हे दुखणं त्यांनी एकदाच बोलून दाखवलं होतं, तेही नवऱ्याजवळ, झोपता झोपता.

"सगळ्यांसंगं बसून एक वाटी खावी वाटती हो."

शांतवनराव कूस बदलून घोरायला लागले होते.

शांतवनराव रेल्वेतून रिटायर झालेले पॉइंट्समन. चहात साखर घेणारे लोक असतात. हा माणूस साखरेत चहा घ्यायचा. आणि औंदा राखेच्या बुधवारी, उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी, चर्चमधून घरी आल्यावर त्यांनीच जाहीर केलं, "ईस्टरपर्यंत घरात गोड बंद. समद्यांचं. माझं बी." बबितानं सासऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना, ते बघितलं.

ताप नव्हता. चाळीस दिवस घरात सगळ्यांचा एकच चहा झाला, फिका. सगळ्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ताक. ऊन उतरलं की दोघं नवरा-बायको रेल्वे फाटकापर्यंत चालत जायची आणि मालगाडी गेली की परत यायची. कडूबाईंची साखर उतरली आणि गुडघे कुरकुरायचे थांबले. पण खरा आनंद वेगळाच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच "हा आईचा कप, बाजूला ठेवा" असं घरात कुणी म्हणालं नव्हतं.

ते आज संपलं. प्रभू उठल्याचा आनंद त्यांना होताच, पण उद्यापासून घरात पुन्हा दोन चहा होणार, हेही मनातून जात नव्हतं. ईस्टरच्या दिवशी असला विचार आला म्हणून त्यांनी स्वतःच्याच गालावर हलकीशी चापट मारली आणि सराटा जोरात फिरवला.

ढोलकीचा आवाज जवळ आला. फेरी चर्चच्या फाटकातून आत शिरली आणि थोड्या वेळानं शांतवनराव पंच्यानं मान पुसत मागच्या बाजूला आले. हा माणूस उभ्या जन्मात कधी चुलीकडं फिरकला नव्हता.

"पार्वतीबाई कुठं हाईत? त्यांना धाडा," कडूबाई म्हणाल्या. "चाखायला पायजे."

"त्या पत्रावळ्या मांडायल्यात. मी चाखतो की."

"तुमी?"

"का? मला जीभ न्हाई व्हय?"

कडूबाईंनी सराट्यावरची खीर त्यांच्या तळहातावर घातली. त्यांनी फुंकर मारली, चाटली, डोळे मिटून मान हलवली.

"पुरे."

"पुरे कसं? अवो, दोनच भेल्या पडल्यात. दरसाल चार जात्यात."

"गूळ औंदाचा लय कडक हाय. गोडमिट्ट झालंय."

"नीट चाखा बरं."

त्यांनी आणखी एकदा चाखली, अगदी नीट. "अगं, पुरे म्हन्लं ना. अजून टाकलीस तर लोकं तोंड वाकडं करतील. झाकण ठेव."

एवढं बोलून ते थांबले नाहीत. उरलेल्या दोन भेल्या त्यांनी पिशवीत घातल्या आणि पिशवी लिंबाच्या फांदीला टांगली, कडूबाईंचा हात पोचणार नाही अशी. "मुंग्या लागत्यात," ते म्हणाले आणि निघून गेले. खिरीचा रंगही कडूबाईंना जरा फिकटच वाटत होता. पण डोळ्यांवर विश्वास ठेवावा, की चाखून सांगणाऱ्यावर? त्यांनी झाकण ठेवलं.

पंगत बसली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मटणाचा रस्सा, भात नंतर. आधी मान खिरीचा. कडूबाईंनी ओळीनं वाट्या भरल्या आणि बादली हातात घेऊन टोकाला उभ्या राहिल्या. दरवर्षी पहिल्या घासाला "वा, वा" व्हायचं. औंदा पंगत गप्प. एकानं शेजाऱ्याकडं बघितलं, शेजाऱ्यानं वाटीत बघितलं.

पार्वतीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्या म्हणाल्या, "कडूबाई, गुळाला नुसती खीर दाखवलीस का गं? का वेशीवरूनच परत धाडलास?"

पंगत खो खो हसली. कडूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस दिवस ज्या माणसानं गुळाचा खडा तोंडात टाकला नाही, त्याच्या जिभेला दोन भेल्या काय, एक भेलीसुद्धा गोडमिट्टच लागणार! आणि आपण त्याच जिभेच्या भरवशावर राहिलो. त्या तरातरा शांतवनरावांच्या पानापाशी गेल्या.

"घातली का माझी अब्रू मातीत? उपाशी जिभेनं कुणी चाखतं व्हय?"

शांतवनरावांनी मान खाली घातली. "चुकलंच माझं. जीभ बिघडली गं चाळीस दिवसांत. ध्यानातच आलं न्हाई."

त्यांनी इतक्या लवकर चूक कबूल केल्याचं लग्नापासून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. कडूबाईंना पुढं भांडायला जागाच उरली नाही.

"ते जाऊ द्या," पार्वतीबाई म्हणाल्या, "गूळ हाय ना शिल्लक? आना हिकडं. ज्याला लागंल त्यानं वरून घ्यावा."

शांतवनरावच उठले आणि फांदीवरची पिशवी काढून आणली. गूळ बारीक फोडून ताटलीत फिरला. पोरांनी मुठी भरल्या. पण गंमत अशी की ओळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी ताटली तशीच पुढं सरकवली. त्यांच्याही खिशांत साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या होत्याच. "हीच बरी हाय, घाला अजून," असं कुणीतरी म्हणालं आणि बादली पुन्हा फिरली. वाढता वाढता कडूबाईंचा राग निवला.

बबितानं सासूच्या हातातली बादली काढून घेतली.

"आई, बसा तुम्ही आता."

"मी? मला कुठं चालतंय?"

"एवढ्याशा गुळाची एक वाटी चालंल. भात नका घेऊ, आन् संध्याकाळी फाटकापर्यंत चालून या. मी सांगते ना, बसा."

कडूबाई बसल्या. शांतवनरावांच्या शेजारी जागा कशी कोण जाणे रिकामीच होती. त्यांच्यापुढं पत्रावळ आली, वाटी आली. त्यांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि हळूहळू चावला. गहू लागला. सुंठ लागली, खोबरं लागलं आणि मागून अगदी थोडा गूळ आला. खीर गोड नव्हती म्हणा, पण अळणीही नव्हती. डाव्या हाताला पार्वतीबाई बडबडत होत्या, समोर पोरं गुळासाठी भांडत होती, आणि वाढणारी कुणी दुसरीच बाई त्यांना "अजून घ्या" म्हणत होती. कडूबाईंचे डोळे भरून आले. धुरानं चुरचुरत असतील, असं म्हणून त्यांनी पदरानं ते पुसले.

तेवढ्यात सटवाजी आला. स्टेशनबाहेर त्याची चहाची गाडी. ईस्टरच्या फेरीला त्याच्या गाडीवर चहा आणि सकाळच्या गाड्या गेल्या की त्याला चर्चमध्ये खीर, ही रीत त्याच्या बापापासूनची. तो शांतवनरावांच्या पलीकडं मांडी घालून बसला. बबितानं त्याला वाटी दिली.

"सटवाजीभाऊ, गूळ घ्या वरून," कडूबाई म्हणाल्या. "औंदा खीर फिकी झाली. ह्यांनी चाखली. उपासानं ह्यांची जीभ बिघडली हाय."

"कुणाची, शांतवनरावाची?" सटवाजी मोठ्यांदा हसला. "काय बोलायल्या वैनी! फेरीत आल्ते तवा सगळ्यांच्या आधी चहा ह्यानीच मागितला. मी नेहमीवानी दोन चमचे साखर टाकली, तर म्हन्ला, सटवाजी, ही साखर हाय का काय? अजून दोन चमचे वरून टाकायला लावले. वरून दुसरा कप बी तसाच! जीभ कशाची बिघडती, चांगली तासल्यावानी धारदार हाय त्याची."

शांतवनरावांना अचानक ठसका लागला. ते पाण्याचा तांब्या शोधायला लागले. तांब्या त्यांच्या समोरच होता.

कडूबाईंचा चमचा वाटीतच थांबला. त्यांनी लिंबाच्या फांदीकडं बघितलं. मग शेजारच्या पत्रावळीकडं बघितलं. शांतवनरावांच्या वाटीतली खीर तशीच फिकी होती. गुळाची ताटली दोनदा समोरून गेली होती, पण त्यांनी चिमूटसुद्धा घेतली नव्हती. झोपता झोपता बोललेलं ते एक वाक्य कडूबाईंना आठवलं, आणि ते लगेच सुरू झालेलं घोरणंही.

हात लांब करून त्यांनी ताटली ओढली, त्यातला सगळ्यात मोठा खडा निवडला आणि शांतवनरावांच्या वाटीत टाकला.

"राहू दे गं," ते पुटपुटले. "मला चालती अशीच."

"घ्या मुकाट्यानं," कडूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. "चाळीस दिसांची बिघडलेली जीभ हाय. एकदम न्हाई यायची जाग्यावर. हळूहळू चघळा."

शांतवनरावांचे कान लाल झाले. त्यांनी खडा खिरीत बुडवला आणि खाली बघत खायला लागले. कडूबाईंनी आपली वाटी उचलली, बोटानं कड निपटून घेतली आणि बबिताला हाक मारली.

"बबिता, आमचा दोघांचा चहा ठेव गं. एकाच भांड्यात ठेव."

"कसला ठेवू, आई?"

कडूबाईंनी शेजारी शांतवनरावांकडं बघितलं.

"फिकाच," शांतवनराव तोंडातला गूळ गालात सारून म्हणाले.