खुंट्याच्या खांद्यावरचा रस्सा

मित्रांनो, मी एक जुना रस्सा आहे. सुती, जाडजूड, तीन पदरांच्या पिळाचा. कारखान्यात वळला गेलो आणि एका शाळेच्या रस्सीखेचीच्या संघात आलो. सहा वर्षे मी मुलींच्या तळहातांचा घाम प्यायलो. सराव संपला, की मला तसाच गुंडाळून पेटीत कोंबत. कौतुक व्हायचे ते जिंकलेल्या ढालीचे.

संघात सर्वांत मागे एक मुलगी उभी राही. पाय रोवले की हलायची नाही, म्हणून तिला सगळ्या ‘खुंटा’ म्हणत. माझे टोक तिच्या काखेखालून, पाठीवरून खांद्यावर येई.

यंदा अंतिम सामना आठवड्यावर आला आणि बाकीच्या मुली पुढे सरकू लागल्या. खुंट्यापुढे दोन हात जागा मोकळी पडली. तिथेच ओढ तुटायची. सरावात लहान गटानेही आम्हाला फरफटत नेले!

“अगं, मागे सरा ना!” खेळाच्या बाई ओरडल्या.

“बाई, खुंट्याला वास येतो,” कप्तान पुटपुटली.

खुंट्याने मला खांद्यावरून उतरवले. “मग दुसरी बघा,” म्हणाली आणि बांधापाशी जाऊन बसली.

बाई तिच्याशेजारी मातीतच बसल्या. “बाळा, घामाची लाज कसली? ताज्या घामाला फारसा वास नसतो. तो मुरला, की त्यात जंतू वाढतात आणि मग वास सुटतो. रोज साबणाने काखा धू, अंग कोरडं पूस, सरावाचा सदरा रोज धू.”

“सगळं करते हो बाई! आई म्हणते, घरातला साबण मी एकटीच संपवते.”

बाई थबकल्या. त्यांनी माझे टोक उचलून नाकाशी नेले. “अगंबाई! चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत की गं!”

होय मित्रांनो, वास माझा होता. तिच्या धुतलेल्या सदऱ्याला तो रोज मीच माखत होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा मात्र त्या दिवशी पार उतरला.

“चुकलं गं,” कप्तान म्हणाली. मग हळूच स्वतःचा सदरा हुंगून पाहिला. “ईऽऽ! हा तर सोमवारपासून धुतलाच नाही.” खुंटा खदखदून हसली.

सगळ्यांनी मिळून मला टबात साबणाच्या पाण्यात तुडवले. तीन दिवस मी कुंपणावर वाऱ्या-उन्हात वाळलो. किती हलके वाटले!

सामन्यात मुली खेटून उभ्या राहिल्या. समोरचा संघ वजनदार. आम्ही वीतभर घसरलो, पण खुंटा हलला नाही. “खेच!” सगळ्यांची एकच ओढ, पुन्हा एक, आणि माझ्या मध्यावरची खूण रेषेपार! कप्तानने धावत जाऊन खुंट्याला मिठी मारली. सगळ्या घामाने निथळत होत्या आणि कुणीही दूर सरले नाही.

आता माझी जागा खिडकीजवळच्या खुंटीवर, मोकळ्या हवेत आहे. मित्रांनो, भरपूर घाम गाळा, तो रोज धुऊन टाका. आणि कुणाकडे बघून नाक मुरडण्याआधी पेटीतल्या रस्स्याचा वास एकदा घेऊन बघा.